पहिल्या कॅम्पेनसाठी फे शत्रू: कोण घ्यावेत, कोण टाळावेत

प्रश्न थोडक्यात असा: डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डंजन मास्टर, म्हणून तुमची पहिलीच वेळ, टेबलावर चार खेळाडू आणि चौघंही नवखे. डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती खेळायची आहे, लेव्हल १ पासून साधारण ५ पर्यंत. ऑर्क आणि सांगाडे नकोत, शत्रू फे, म्हणजे परीकथांतले जादुई जीव, हवेत. मग कोणते घ्यावेत आणि केव्हा?

उत्तर आधी देऊन टाकतो. मुख्य खलनायिका एक ग्रीन हॅग (हॅग म्हणजे फे चेटकीण), पण तिच्याशी खरी लढाई लेव्हल ३ नंतरच. तिचा दांडगट हस्तक एक रेडकॅप. सुरुवातीच्या सेशनना बॉगल आणि गॉब्लिन. सॅटर आणि ड्रायड शत्रू म्हणून आणू नका, वाटेत आडवे येणारे आणि बोलून पटवता येणारे म्हणून आणा. पिक्सी, क्विकलिंग, सी हॅग आणि तीन हॅगचं कोव्हेन सध्या लांबच ठेवा.

ही निवड चॅलेंज रेटिंग, म्हणजे शत्रू किती कठीण ते सांगणारा आकडा (सीआर), बघून केलेली नाही. सीआर बघायचाच, पण तो नंतर. नवख्या टेबलासाठी फे निवडताना मी आधी एवढंच बघतो की हा शत्रू खेळाडूची पाळी खातो का.

फे मंडळींचं बळ नखादातांत फारसं नसतंच. भुलवणं, झोपवणं, गायब होणं, रूप बदलून टाकणं हे त्यांचे खेळ. कथेत हे झकास दिसतं. टेबलावर काय होतं ते बघा. नवख्यांच्या लढाईत एक फेरी सहज आठ-दहा मिनिटं घेते. कोणी कॅरेक्टर शीट खालीवर करतंय, कोणी बोनस ॲक्शन म्हणजे काय ते पुन्हा विचारतंय, कोणाच्या हातात भलताच फासा. यात वावगं काहीच नाही, सगळे असेच शिकतात. पण अशा वेळी एकाचं कॅरेक्टर दोन फेऱ्या झोपलं तर तो माणूस पंधरा-वीस मिनिटं नुसता बसून राहतो, आणि मग हातात फोन येतो. जुन्या खेळाडूला चार्म झालेलं, म्हणजे भुललेलं, कॅरेक्टर म्हणजे नाटक करायची संधी वाटते. नवख्याला मात्र वाटतं की ज्याच्यासाठी तासभर बसून शीट भरलं ते आपल्याकडून काढून घेतलं.

या कसोटीवर पिक्सी लगेच बाद होते. पाचव्या आवृत्तीच्या मूळ २०१४ च्या नियमांत तिचा सीआर फक्त १/४, एचपी (हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल तो आकडा) १, दिसायला निरुपद्रवी. पण तिच्याकडे दिवसातून एकदा पॉलिमॉर्फ आहे, कन्फ्यूजन आहे, स्लीप आहे. तुमच्या फायटरचा बेडूक झाला की त्या खेळाडूची संध्याकाळ गेली. तिचं अदृश्य होणं कॉन्सन्ट्रेशनवर (जे एका वेळी एकाच जादूवर ठेवता येतं) चालतं आणि पॉलिमॉर्फलाही कॉन्सन्ट्रेशन लागतं, त्यामुळे तो मंत्र टाकताच ती दिसायला लागते. एक बाण लागला की खेळ खलास. म्हणजे एकीकडे बेडूक झालेला खेळाडू वैतागलेला आणि दुसरीकडे एका बाणात मेलेली बोटभर परी. दोन्हींत मजा नाही. पिक्सीला निरोप्या करा, चुगलखोर करा, लढाईत उतरवू नका.

सी हॅगचंही तेच, फक्त प्रकरण जास्त गंभीर. तिचं रूप बघून घाबरलेल्या कॅरेक्टरवर ती नजर रोखते आणि डीसी ११ चा विस्डम सेव्ह (फासा टाकून ११ किंवा जास्त आणायचे) हुकला तर एचपी थेट शून्यावर. किती एचपी होते याला काही अर्थच उरत नाही. सीआर २ वाचून लेव्हल २ च्या पार्टीपुढे, म्हणजे खेळाडूंच्या गटापुढे, तिला उभं कराल आणि पहिल्या दोन फेऱ्यांत दोघं आडवे होतील, तेही काही चूक न करता.

आता सीआरकडे वळू, कारण फे प्रकारात तो आकडा फार फसवतो. ड्रायडचा सीआर १ आणि क्विकलिंगचाही १. क्विकलिंगकडे जेमतेम १० एचपी, पण वेग १२० फूट, त्याच्यावरचे हल्ले डिसअॅडव्हान्टेजने (दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा), आणि एका पाळीत खंजिराचे तीन वार, प्रत्येकी सरासरी ८. लेव्हल १ च्या विझार्डकडे सात-आठ एचपी असतात. पहिल्या वाराने तो कोसळला. बेशुद्ध माणसावर जवळून लागलेला वार क्रिटिकल धरला जातो, म्हणजे दुसऱ्या वाराने दोन डेथ सेव्ह गेले (तीन हुकले की मृत्यू). तिसरा लागला की कॅरेक्टर मेलं, आणि त्या खेळाडूची पाळी अजून एकदाही आलेली नाही. नियम कोणी मोडला नाही, पुस्तक सीआर १ च म्हणतंय. लेव्हल ५ नंतर एखादा क्विकलिंग चोर म्हणून आणायला हरकत नाही, तोवर नको.

याच्या नेमका उलटा बॉगल. सीआर १/८, एचपी १८, ठोसा सरासरी २ चा. कोणाला मारून टाकणं त्याला जमतच नाही, पण हैराण करणं जमतं, आणि पहिल्या सेशनला तेवढंच हवं असतं. त्याच्याकडे दोन हत्यारं. एक म्हणजे अंगातून सोडलेलं तेल, निसरडं किंवा चिकट. नवख्यांसाठी निसरडंच वापरा; पडलेला माणूस उठून लढतो, चिकटलेला अडकून बसतो. दुसरं हत्यार खरं गमतीचं: आपल्या जवळच्या कुठल्याही चौकटीत किंवा भोकात तो एक अदृश्य फट तयार करतो आणि तीस फुटांच्या आतल्या दुसऱ्या जागी हात बाहेर काढतो.

समजा चौघं एका ओसाड गिरणीत शिरलेत. बॉगल पलीकडच्या खिडकीशी उकिडवा बसून खिदळतोय. तुम्ही सांगता, "क्लेरिकच्या कानाजवळ हवेतून एक काळा चिकट हात बाहेर येतो आणि थैलीचा बंद ओढतो." पहिल्या वेळी सगळे दचकतात. दुसऱ्या वेळी कोणीतरी हातावरच तलवार चालवतं. चालवू द्या, लागलं तर एचपी कमी करा. तिसऱ्या वेळेपर्यंत टेबलावरच्या सर्वात गप्प खेळाडूच्या लक्षात येतं: "तो प्रत्येक वेळी खिडकीशी नाहीतर दाराशीच का जातो?" मग ते झडपा लावून घेतात, दारात पिंप आडवं टाकतात, बॉगलला कोपऱ्यात रेटतात, आणि हात यायचे बंद होतात. फे शत्रूचा एक नियम असतो, तो हुडकला की जिंकता येतं, हे त्यांना तुम्ही एका शब्दानेही न सांगता कळलं. पुढचं सगळं कॅम्पेन याच जाणिवेवर चालणार आहे, म्हणून बॉगल पहिला.

हा बॉगल मरायलाच हवा असंही नाही. बॉगल एकाकीपणातून जन्मतात अशी त्यांची कथा आहे. गिरणीत पूर्वी कोण एकटं राहत होतं हे पार्टीने शोधलं तर तो शांत होतो, किंवा मागे लागून पार्टीबरोबर निघतो. नवखे खेळाडू असं काहीतरी पाळायला फार उत्सुक असतात, याची तयारी ठेवा.

गॉब्लिनबद्दल फार लिहीत नाही. ते तुम्हाला माहीत असतीलच. २०२५ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये त्यांचा प्रकार बदलून फे केला आहे, २०१४ मध्ये ते ह्युमनॉइड, म्हणजे माणसासारख्या जमातींपैकी, होते. त्यामुळे हॅगचे नोकर म्हणून ते आता आपोआप बसतात. वार केला की लपणं किंवा सटकणं ही त्यांची सवय मात्र पूर्ण वापरा. जागेवर उभा राहून मार खाणारा गॉब्लिन फे वाटत नाही.

या बदलाचा एक व्यवहारी परिणाम आहे आणि तो आधीच खेळाडूंना सांगायला हवा. चार्म पर्सन, होल्ड पर्सन हे मंत्र फक्त ह्युमनॉइडवर चालतात. फे कॅम्पेनमध्ये हौसेने चार्म पर्सन घेतलेल्या बार्डला तो अर्ध्या वेळा वापरताच येणार नाही. कॅरेक्टर बनवतानाच सांगा, "शत्रू बहुतेक फे असतील, हा मंत्र त्यांच्यावर लागणार नाही." रहस्य फुटेल वगैरे काळजी करू नका. उलट प्रोटेक्शन फ्रॉम इव्हिल अँड गुड हा लेव्हल १ चा मंत्र सुचवा. नाव ऐकून तो देव-दानवांसाठी वाटतो, पण त्यात फे येतात: त्यांचे हल्ले डिसअॅडव्हान्टेजने होतात, आणि त्या माणसाला त्यांच्याकडून चार्म किंवा फ्रायटन (भयभीत) होता येत नाही. पाळी खाणाऱ्या प्रकारांवर इतका स्वस्त उतारा दुसरा नाही. सॅटर आणि ड्रायड यांना मॅजिक रेझिस्टन्स असतो, म्हणजे मंत्रांविरुद्धचे सेव्ह ते अॅडव्हान्टेजने करतात. पण २०१४ च्या स्लीपला सेव्हच नाही, तो एचपी मोजून झोपवतो, त्यामुळे तिथे हा रेझिस्टन्स कामाचा नाही. विझार्डने एका झटक्यात तुमचे बॉगल झोपवले तर हिरमुसू नका. २०२४ च्या नियमांत स्लीपला विस्डम सेव्ह आला आहे, तेव्हा कुठली पुस्तकं वापरताय ते आधी ठरवा.

सॅटर सीआर १/२, एचपी ३१. त्याच्या बासरीचे प्रकार, भुलवणं, घाबरवणं, झोपवणं, हे पर्यायी नियम आहेत. झोपवणारी धून सरळ काढून टाका. सॅटर वाट अडवून बसलाय आणि त्याला चांगली मेजवानी किंवा चांगलं भांडण हवंय, एवढं एका सेशनला पुरतं. ड्रायडची भुरळ जरा वेगळी: डीसी १४ चा सेव्ह हुकला की माणूस तिला विश्वासू मैत्रीण समजतो, पण त्याच्या हातापायांवर तिचा ताबा नसतो. खेळाडू आपली पाळी आपणच खेळतो, फक्त तिला इजा करत नाही, तिची बाजू घेतो. चार्म म्हणजे काय हे शिकवायला याहून सौम्य जागा सापडणार नाही. तिचं झाड हॅगने पोखरलंय असं दाखवलंत की शत्रूचं काम काय चाललंय तेही कळतं.

रेडकॅप हा सीआर ३ चा, आणि इथे जपून. ग्रीन हॅगचाही सीआर ३ च आहे, पण दोघांचा मारा सारखा नाही. रेडकॅपचे ४५ एचपी, कोयत्याचे तीन वार सरासरी ९ चे. शिवाय धावत येऊन लोखंडी बुटाची लाथ: डीसी १४ चा डेक्स्टेरिटी सेव्ह हुकला तर सरासरी २० आणि माणूस जमिनीवर. लेव्हल २ चा विझार्ड एका लाथेत झोपेल. म्हणून लेव्हल ३, आणि एकटाच. सोबत दोन गॉब्लिन दिले तरी २०१४ च्या गणिताने ती लढाई लेव्हल ३ च्या चौघांसाठी जीवघेण्या गटात जाते.

मग एवढा धोका कशाला पत्करायचा? कारण त्याचा नियम कानांनी ओळखता येतो. त्याच बुटांमुळे त्याला लपूनछपून चालता येत नाही, स्टेल्थवर डिसअॅडव्हान्टेज आहे. रात्री दगडी वाटेवर खण्, खण्, खण् असा आवाज लांबून येतो. पार्टीला दोन-तीन मिनिटं मिळतात: दोरी बांधा, जिन्यावर चढा, चिखल करा. तयारी केली त्या प्रमाणात लढाई सोपी होऊ द्या. आणि त्याची टोपी. ती दर तीन दिवसांत ताज्या रक्तात भिजली नाही तर रेडकॅप नाहीसा होतो, असं त्याच्या वर्णनात आहे. म्हणजे तीन दिवस लपून काढले, टोपी चोरली, त्याला शिकार मिळू दिली नाही, तरी तो संपतो. तलवार न उपसता सीआर ३ चा शत्रू हरवता येतो हे नवख्यांना पटकन सुचत नाही, त्यामुळे टोपीची गोष्ट आधी कोणाच्या तरी तोंडून कानावर घाला. टोपीचा रंग काळपट पडत चाललाय हे लढाईच्या वर्णनात दोनदा येऊ द्या.

आता ग्रीन हॅग. तिला मुख्य जागा द्यायचं कारण तिच्या आकड्यांतच आहे. एचपी ८२, आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १७, पण एका पाळीत नखांचा एकच वार, सरासरी १३. झोपवणं नाही, भुलवणं नाही, बेडूक करणं नाही. लढाई लांबते, दमवते, पण कोणी एका फटक्यात बाहेर फेकलं जात नाही. तिची बाकी शस्त्रं लढाईबाहेरची: दुसऱ्याचं रूप घेणं, कोणाचाही आवाज काढणं, माग न ठेवता अदृश्य चालणं. खलनायिका पहिल्या सेशनपासून समोर वावरू शकते आणि कोणाला पत्ता लागत नाही, अशी सोय लेव्हल १ ते ५ मध्ये दुसऱ्या कुठल्या राक्षसाने क्वचितच दिली असेल.

तिच्या रूपाचा नियम असा की ते डोळ्यांना फसवतं, हाताला नाही. बघून ओळखायचं तर डीसी २० चं इन्व्हेस्टिगेशन, जे नवख्यांना जवळपास अशक्य. स्पर्शाला मात्र फासाच नाही. समजा नदीच्या उताराशी जडीबुटी विकणारी एक हसतमुख बाई आहे. पार्टीतला रोग (rogue, चोर वर्गाचं कॅरेक्टर) तिच्या हातावर नाणी ठेवतो. तुम्ही एवढंच म्हणायचं: "हात मऊ दिसतो, पण तुझ्या बोटांना झाडाच्या सालीसारखं खरखरीत लागलं." आणि थांबायचं. परसेप्शन टाकायला सांगू नका, सूचक हसू नका, लगेच दुसऱ्या खेळाडूकडे वळा. कोणाला खटकलं तर उत्तम. नाही खटकलं तर तीन सेशननंतर तेच वाक्य त्यांना आठवेल.

सौदे हा हॅगचा खरा मारा, आणि नवे डीएम इथे कंजूष होतात किंवा क्रूर. किंमत शीटवरच्या आकड्यांत घेऊ नका. स्ट्रेंग्थ दोनने कमी, एचपी कायमचे पाचने कमी, असलं काही नको. खेळाडू सौदा विसरतो आणि कॅम्पेनभर तो आकडा बघून चिडतो. किंमत कथेत घ्या. बार्डकडून ती म्हणेल, "तुझ्या आजीने शिकवलेलं ते गाणं मला दे. तुला पुन्हा म्हणता येणार नाही, बस्स." बार्डला वाटतं, फुकटात सुटलो. दोन रात्रींनी जंगलातून त्याच्याच आवाजात ते गाणं ऐकू येतं आणि पहाऱ्यावरचा फायटर त्या दिशेने चालू लागतो. नियमांनुसार तुम्ही नवीन काहीच केलं नाही, आवाज काढण्याची तिची क्षमता होतीच. फायटरलाही कोणी भुलवलेलं नाही, तो आपल्या बुद्धीने गेला. पाळी त्याचीच राहिली.

सौद्याचे शब्द कागदावर लिहून खेळाडूंसमोर ठेवा. "तीन रात्री मी गावातल्या एकाही मुलाला हात लावणार नाही." यात पळवाट आहे: ती नाही, तिचे गॉब्लिन हात लावतील. कोणी ती वाचून दाखवली तर शब्द बदलायची मुभा द्या आणि हॅगला मनापासून चिडू द्या. कोणी दाखवली नाही तर पळवाट वापरा. मात्र तुम्ही स्वतः त्या शब्दांबाहेर कधीही जाऊ नका. फे खोटं बोलत नाही, शब्द फिरवतो, हे एकदा ठरलं की खेळाडूंना धरायला काहीतरी मिळतं. तुम्हीच ते मोडलंत तर पुढे कोणी सौदा करणार नाही, दिसली हॅग की इनिशिएटिव्ह, म्हणजे थेट लढाई.

कोव्हेनचा मोह होईल. तीन हॅग तीस फुटांच्या आत असल्या की त्यांना सामाईक मंत्र मिळतात, त्यात लाइटनिंग बोल्ट आहे, सरासरी २८ चा फटका एका रेषेतल्या सगळ्यांना. लेव्हल ३ च्या पार्टीचा त्यात निकाल लागेल. बहिणींचा उल्लेख करा, त्या येऊ नयेत म्हणून धावपळ करायला लावा, पण येऊ देऊ नका.

लोखंडाबद्दल हमखास विचारलं जाईल. २००३ च्या ३.५ आवृत्तीत सॅटर, ड्रायड वगैरेंना कोल्ड आयर्न सोडून इतर शस्त्रांचा मार कमी बसायचा. पाचव्या आवृत्तीत त्याचा काही नियम नाही. टेबलावर हवा असेल तर घरचा नियम साधा ठेवा: कोल्ड आयर्नचा वार लागला की तो फे पुढच्या पाळीच्या शेवटापर्यंत अदृश्य होऊ शकत नाही आणि फटीतून किंवा जादूने जागाही बदलू शकत नाही. नुकसान वाढवू नका. दुप्पट मार ठेवलात तर कॅम्पेन लोखंडाच्या खरेदीवर येऊन थांबेल.

दरबारी राजकारण, म्हणजे टायटानियाचा सीली दरबार, क्वीन ऑफ एअर अँड डार्कनेसचा अनसीली दरबार, यातलं फारसं काही लेव्हल ५ पर्यंत लागत नाही. हॅग कोणाला तरी घाबरते एवढं दिसलं तरी पुरे.

पहिल्या सेशनआधी सगळ्यांना दोन गोष्टी विचारा. मुलं पळवणारी हॅग कथेत चालेल का? आणि कॅरेक्टरवर थोडा वेळ दुसऱ्याचा प्रभाव पडला तर चालेल का? एकाने जरी नाही म्हटलं तरी मुलांऐवजी गावकऱ्यांच्या सावल्या किंवा आठवणी चोरीला जाऊ द्या. हॅगचं काही बिघडत नाही.

आणि पुस्तकं नसतील तर: ड्रायड, सॅटर, स्प्राइट, ग्रीन हॅग, सी हॅग, ब्लिंक डॉग यांचे आकडे २०१४ च्या नियमांच्या मोफत दस्तऐवजात, म्हणजे एसआरडी ५.१ मध्ये, मिळतात. तो जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आला. बॉगल, क्विकलिंग आणि रेडकॅप त्यात नाहीत, ते २०१६ च्या व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्समध्ये आहेत. तेवढ्यासाठी पुस्तक घेऊ नका. बॉगलसाठी गॉब्लिनचे आकडे घ्या, तलवार काढून घ्या, चौकटीची फट आणि निसरडं तेल जोडा. रेडकॅपसाठी बर्सरकर घ्या: सीआर २, ६७ एचपी, एकच मोठा वार. उंची कमी करा, पायात लोखंडी बूट घाला, डोक्यावर टोपी चढवा. नवख्या टेबलाला तो मूळ रेडकॅपपेक्षा जास्त सोसेल.